भाजणीचा मंगळवार

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या लक्ष्मीबाई नगरात सातवीण फुलते. फुलते म्हणजे काय, हल्लाच करते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिचा वास इतका दाट होतो की सायकलवाल्यांना उतरून सायकल ढकलत न्यावी लागते. आमच्या ब्लॉकमधल्या एका डेप्युटी डायरेक्टरांना एकदा या वासानं शिंका सुरू झाल्या, त्या त्यांची बदली चेन्नईला झाली तेव्हाच थांबल्या. दिल्लीकर या वासाला नाकं मुरडतात. मला मात्र तो आला की त्याच्या पाठोपाठ दुसरा एक वास येतो. मंद आचेवर भाजलेल्या डाळींचा, धन्या-जिऱ्याचा, जरा जास्त तापलेल्या कढईचा. चकलीच्या भाजणीचा.

आणि त्या वासाच्या पाठोपाठ राग येतो. माझा विश्वासघात झालेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी आवाज चढवला तर तुम्ही दचकणार नाही. विश्वासघात साधासुधा नाही. भर मांडवात, सगळ्या कॉलनीसमोर, माझ्याच हातून शाल-श्रीफळ घेऊन झालेला विश्वासघात आहे. करणारा इसम म्हणजे बलबीर चक्कीवाला.

बलबीरची चक्की आमच्या कॉलनीच्या मागच्या मार्केटात, कोपऱ्यावर. मार्केट म्हणजे आठ-दहा दुकानं, एक पानवाला आणि समोर सातविणीचं झाड. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला लागून दिल्लीत आलो, तेव्हा ती चक्की तिथं होती. माझ्या अंदाजानं पांडवांनी इंद्रप्रस्थ वसवलं तेव्हाही ती तिथंच असावी आणि द्रौपदी तिथूनच दळून आणत असावी. चक्की सुरू झाली की तीन ब्लॉकपर्यंत कपबशा एकमेकींशी बोलायला लागत. बलबीर सहा फुटी, सोनीपतकडचा, आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. वीस-बावीस वर्षांत या माणसाचा खरा रंग कोणता हे मला कधीच कळलं नाही.

दिल्लीतली आमची पहिली दिवाळी. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन दिवस खपून भाजणी भाजली. तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडीद, मूग, धने, जिरं, सगळं वेगवेगळं. आम्ही दोघं डबा घेऊन निघालो. पहिल्या चक्कीवाल्यानं डब्यात डोकावून विचारलं, "ये हवन सामग्री है क्या?" दुसऱ्यानं तर डबा दुकानात आणूच दिला नाही. दिल्लीच्या चक्क्या गव्हाच्या. भाजलेल्या धन्याचा वास एकदा दगडांना लागला की पुढच्या दहा घरांचं पीठ चकलीच्या वासाचं येतं, आणि गिऱ्हाईक भांडायला उभं राहतं. शेवटी बलबीरकडे गेलो. त्यानंही हात जोडले. "साहब, गेहूँ में बास आ जाएगी. लोग मारेंगे मुझे."

सुनंदा माझ्यासारखी भाषणं करत नाही. ती घरी गेली, पुण्याहून आलेल्या डब्यातली शेवटची चकली घेऊन आली आणि त्याच्या पांढऱ्या तळहातावर ठेवली. बलबीरनं चकलीकडे चारी बाजूंनी पाहिलं. मग मोडली. मग खाल्ली. कडाम असा आवाज आला तो सफदरजंगच्या मकबऱ्यापर्यंत गेला असेल. तळहातावरचा चुरासुद्धा त्यानं चाटला.

"मंगल को आ जाना," तो म्हणाला. "मार्केट बंद रहता है मंगल को. मैं खोल दूँगा."

अशी सुरुवात झाली. दिवाळीच्या आधीचा मंगळवार. सगळ्या दुकानांची शटरं खाली, कुत्रीसुद्धा सुट्टीवर, आणि एकट्या बलबीरचं शटर वर. त्याच्या आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी. दोन-तीन वर्षांत ही बातमी दिल्लीभरच्या मराठी घरांत पोचली. कस्तुरबा गांधी मार्गावरून लोक यायचे, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनातले कर्मचारी यायचे, नोएडा-गुडगावहून आयटीतली मुलं आईनं फोनवर सांगितलेली यादी आणि अर्धवट जळलेली भाजणी घेऊन यायची. रांग इतकी लांब असायची की तिचं शेवटचं टोक फरीदाबादला आहे असं मी एकदा सांगितलं आणि एका बाईंनी ते खरं मानून तिथूनच नंबर लावायची तयारी केली.

रांगेलाही शिस्त होती. आधी उपासाची भाजणी, कारण तिला कुणाचा विटाळ चालत नाही. मग चकलीची, मग थालीपिठाची. आणि सगळ्यात शेवटी आमचे शेखसाहेब. शेखसाहेब सोलापूरचे, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे. त्यांच्या भाजणीत लाल मिरची अशी असायची की ती दळताना पानवाला दुकान बंद असूनही रडायचा. हा सगळा क्रम बलबीरला तोंडपाठ होता. "पहले व्रतवाली बहनजी! फिर चकलीवाले! शेख साहब, आप बैठो, आप तो लास्ट में बम फोड़ोगे!" आणि शेखसाहेब शांतपणे म्हणायचे, "बैठलोय बाबा. सोलापूरचा माणूस आहे, वाट बघायची सवय आहे."

पीठ कापडी बाहीतून खाली उतरायला लागलं की बलबीर पहिली चिमूट अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीनं चोळायचा, आणि उजेडाकडे धरायचा. सोनीपतचा हा माणूस सुनंदाला सांगायचा, "भाभीजी, थोड़ा और बारीक करूँ? काँटा नहीं आएगा वरना." चकलीला काटा यायला हवा, हे ज्ञान या माणसानं एका चकलीवर मिळवलं होतं! माझी स्वतःची मुलगी, दिल्लीत वाढलेली, आता गुडगावला नोकरी करणारी, भाजणीला 'ब्राउन आटा' म्हणते. आणि बलबीर काट्याची काळजी करायचा.

सगळ्यांचं झालं की तो घरचे तीन-चार किलो गहू दगडांतून काढायचा, वास धुऊन काढायला. ते पीठ कुणी खायचं नाही. गाईला जायचं. मग दगड उतरवून, मांडीला पोतं बांधून, छिन्नी-हातोडीनं त्यांना टाकी लावत बसायचा, म्हणजे बुधवारी सकाळी पीठ पुन्हा गव्हाच्या वासाचं उतरेल. टक टक टक टक. आम्ही तेव्हा गरम डबे छातीशी धरून घराकडे निघालेलो असायचो. तो आवाज मागे मागे यायचा. त्या आवाजाचा अर्थ काय, हे मी कधी विचारलं नाही. मला तो दिवाळीचाच आवाज वाटायचा.

तर अशा या चक्कीवर संकट आलं. दहा मिनिटांत घरपोच आणणाऱ्यांचं. आधी आमच्या मार्केटातला किराणावाला गेला, मग बेकरी गेली. माझं रक्त उसळलं. मी माझ्या मंत्रालयी शैलीत एक परिपत्रक काढलं. विषय: स्थानिक दुकानदारांस सक्रिय सहकार्य करणेबाबत. सह्या इतक्या आल्या की कागदाला कागद जोडत गेलो आणि शेवटी ते भेंडोळं मला एकट्याला उचलेना. आमच्या कॉलनीच्या गणपतीत, मागल्या वर्षी, मी भाषण केलं. माझ्या आवाजानं मांडवाच्या दोन कनाती सैल झाल्या, असं म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण ते असो. "आपल्या कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे नुसतं दुकान नव्हे," मी म्हणालो. "तो आपल्याला नावानं ओळखणारा माणूस आहे! मशीन तुम्हाला नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखतं! माझ्या घरात बाहेरचं पीठ उंबऱ्याच्या आत आलेलं नाही!" टाळ्या. शेखसाहेबांनी तर उभं राहून वाजवल्या.

मग बलबीरला वर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला. त्यानं त्या दिवशीही पिठाचेच कपडे घातले होते, त्यामुळे फोटोत शाल कुठं संपते आणि बलबीर कुठं सुरू होतो ते कळत नाही. "दो शब्द बोलो बलबीरजी," मी माइक पुढे केला. त्यानं मान खाली घातली आणि नुसते हात जोडले. मी लोकांना म्हणालो, "बघा, ही नम्रता!"

नम्रता कसली, डोंबल.

त्यानंतरचा दिवाळीआधीचा मंगळवार. सातवीण भरात. मी दुपारी डबा घेऊन निघालो, अगदी पहिला नंबर लावायच्या इराद्यानं. मार्केटाच्या कोपऱ्यावर वळलो आणि थबकलो. चक्कीच्या जागी गडद जांभळ्या रंगाचं शटर. अर्धं वर. आत उजेड, मांडण्याच मांडण्या, आणि बाहेर त्या घरपोचवाल्यांच्या दहा-बारा स्कूटर. पाटी नाही, बसायला बाकडं नाही, आवाज नाही. समोर झाडाखाली, दोन गोल दगड खोडाला टेकवून ठेवलेले, आणि त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ ऊन खात बसलेला. धुतलेला कुर्ता, काळ्याभोर भुवया.

त्या भुवयांखालचे डोळे बलबीरचे होते.

"राम राम, निमकर साहब," तो उठून म्हणाला.

मी राम राम केलं नाही. "हे काय आहे?" मी मराठीतच ओरडलो. रागावलो की माझी हिंदी पळून जाते. मग तिला पकडून आणली. "बलबीर, ये क्या किया? चक्की कहाँ है?"

"मशीन तो बिक गई, साहब. दुकान किराये पर चढ़ा दी."

"किसको? इन लोगों को? जिनके खिलाफ मैंने... कब?"

"बात तो गणपतीजी से पहले ही पक्की हो गई थी."

म्हणजे शाल घेताना! माझ्या हातात डबा होता म्हणून, नाहीतर मी त्या दिवशी काय केलं असतं सांगता येत नाही. बहुधा आणखी एक भाषण. "मैंने तुम्हारे लिए पूरी कॉलनी खड़ी की, यार! साइन कराए! माइक पे चिल्लाया! और तुम शाल ओढ़के चुपचाप बैठे रहे? बता तो देते!"

"शाल को ना कहता तो वहीं बताना पड़ता," बलबीर म्हणाला. "सबके सामने. आप इतना अच्छा बोल रहे थे."

"मग नंतर सांगायचं! इतने दिन थे!"

"दुकान बंद हुए पंद्रह दिन हो गए, साहब," तो म्हणाला. आवाजात कुचकेपणा नव्हता, हेच जास्त लागलं. "आपको आज पता चला."

मी म्हणालो की मेट्रोला जायचं तर पुढच्या गेटनं सोयीचं पडतं, मागच्या बाजूला येणंच होत नाही, ऑफिसात काम फार आहे. एकेक कारण खरं होतं. बलबीर ऐकून घेत होता. मग त्यानं माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि जुन्या सवयीनं चिमूट अंगठ्यावर घेतली. न दळलेलीच. "धनिया थोड़ा ज़्यादा भुन गया इस बार," तो म्हणाला आणि झाकण लावून डबा परत दिला.

"मंगल को तो सब आते थे," तो म्हणाला. "लाइन लगती थी. इतना प्यार तो मुझे गाँव में नहीं मिला. पर साहब, चक्की तो हफ्ते में छह दिन चलती है."

मी छाती पुढे काढली. "मैंने सबको बोला था! घर का आटा भी यहीं से..."

वाक्य पुरं झालं नाही. त्या जांभळ्या शटरातून एक माणूस बाहेर आला होता. माझ्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा, पाठीवर कंपनीची पिशवी. त्यानं मोबाइलमध्ये पाहिलं, कॉलनीकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं. आमच्या कॉलनीत घरांचे नंबर ज्या बाबूनं घातले त्याला वरच्यानं शिक्षा म्हणून दुसऱ्या जन्मी पोस्टमन करावं. सतराच्या शेजारी एकशे चार आहे. बिचारा रस्ता ओलांडून सरळ बलबीरकडे आला, जणू रोजचाच परिपाठ.

"भाईसाहब, ये निमकर जी का मकान किधर पड़ेगा?"

बलबीरनं हात उचलला. क्षणभर मला वाटलं, तो कॉलनीकडे बोट दाखवेल. त्यानं माझ्याकडे दाखवलं.

"ये रहे. इन्हीं को दे दो."

पाच किलो गव्हाचं पीठ. सीलबंद. चाळीस पावलांवरून निघालेलं.

इथं वाचकांना एक बाब सांगायची राहून गेली होती, ती सांगतो. चांगला किस्सा सांगताना एखादी बाब मागे राहते. आमच्या घरी पाच-सहा वर्षं हेच पीठ येत होतं. गहू आणा, निवडा, पोचवा, परत आणा, कोण करणार? सुनंदाचे गुडघे दुखतात, मी मंत्रालयात. मोहीम सुरू झाल्यावर मी पुढाऱ्याला शोभेल अशी व्यवस्था केली होती. पाकीट आलं की लगेच फोडून पितळेच्या डब्यात, आणि पाकीट कचऱ्यात अगदी तळाशी. शेजाऱ्यांना दिसणार नाही अशी चोख व्यवस्था. उंबऱ्याबद्दल मी बोललो ते तसं खरंच होतं. पाकीट मी उंबऱ्याबाहेरच फोडत असे.

"आप हर दूसरे हफ्ते," बलबीर म्हणाला. "पाँच किलोवाला. शेख साहब दस किलो, महीने की पहली को. उपवासवाली बहनजी मल्टीग्रेन मँगाती हैं." तो यादी वाचत नव्हता, आठवत होता. "इन बेचारों को मकान नहीं मिलता था न, साहब. कोने पे मैं ही खुला रहता था. सब मुझसे ही पूछते थे. इतने साल से मैं ही तो बता रहा हूँ, निमकर साहब का घर किधर है."

तो आम्हाला नावानं ओळखत होता. मांडवात मी म्हणालो होतो तसंच.

पीठ अंगाखांद्यावर बाळगत त्यानं दुसऱ्याच्या पिठाला आमच्या घरचा रस्ता दाखवला. वर्षानुवर्षं. आणि दर दिवाळीआधीच्या मंगळवारी शटर वर केलं, चिमूट अंगठ्यावर घेतली, काट्याची काळजी केली. कधी एका शब्दानं काही बोलला नाही. आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागावायचं कुठून धरून? पण मी रागावलेलो आहे. त्यानं एकदा, एकदाच, माझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं, साहब, भाषण राहू द्या, गहू आणा. मी आणले असते. असं मला वाटतं. असं वाटून घ्यायला मला आवडतं.

त्या दिवशी एका हातात भाजणी आणि एका हातात पाकीट घेऊन मी घरी गेलो. सुनंदानं डब्याचं वजन हातानंच ओळखलं. "दळली नाही?" मी सगळं सांगितलं, या खेपेला काही न वाढवता. ती गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. "ते टक टक," ती म्हणाली, "आपल्यामुळे असायचं ना?" मिक्सरमध्ये भाजणी भरड झाली. चकल्या तेलात सुटल्या, विरल्या, कढईत नुसती रेती उरली. शेखसाहेबांनी वरून हाक मारून विचारलं, "निमकर, तुमची कुठं दळली हो?" मी म्हणालो, "तुमच्या दहा किलोनं माझी चक्की बंद पाडली!" थोड्या वेळानं ते स्वतःच खाली आले आणि ती रेती चमच्यानं खात बसले. "चव मात्र तीच आहे," म्हणाले.

बलबीर दिवाळीनंतर सोनीपतला निघून गेला. दगड बरेच दिवस झाडाखाली होते. सातविणीची फुलं त्यांच्यावर पडून पडून ते पुन्हा पिठाळ दिसायला लागले होते. मग तेही कुणी नेले.

आता पुन्हा सातवीण फुलली आहे, पुन्हा तो वास आहे, आणि मी माझ्या मोहिमेचं नवीन परिपत्रक काढलेलं नाही. एवढंच सांगतो. तुमच्या कोपऱ्यावर कुणी अजून शटर वर करत असेल, तर सणाच्या दिवशी त्याच्याकडे गर्दी करू नका. सणाला सगळेच जातात, सण म्हणजे फुकटचं प्रेम. एखाद्या फालतू बुधवारी जा. काही साजरं करायचं नसताना. चपला, चिमटा, चार केळी, जे लागतं ते घ्यायला जा. आणि त्याला शाल देऊ नका, थंडी त्याला वाजत नाही.

मी जातो. मार्चपासून दर बुधवारी, दोन किलो गहू पिशवीत घालून, कोटल्याच्या गल्लीत एक चक्की आहे तिथं. वीस मिनिटांची चाल. ऑफिसातून येताना पिशवी जड लागते, पँटवर पीठ सांडतं, आणि सेक्शनमधली पोरं मला बेकरीवाला म्हणतात. चक्कीवाला तुसडा आहे. भिंतीवर त्यानं खडूनं लिहिलंय, सिर्फ़ गेहूँ. भाजणीचं नाव मी अजून काढलेलं नाही. या दिवाळीत काढणार नाही. सुनंदानं यंदा शंकरपाळ्यांवर भागवायचं ठरवलंय.

परवा मात्र त्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.

"हर बुधवार आते हो, बाबूजी," तो म्हणाला. "रहते कहाँ हो?"

"इधर ही," मी म्हणालो. "लक्ष्मीबाई नगर."

"मकान नंबर?"

पिशवी गरम होती. मी ती छातीशी धरली, हसलो, आणि नंबर काही सांगितला नाही. अजून तेवढा भरवसा मला माझ्याबद्दल आलेला नाही.